शैक्षणिक संशोधन वर्गापर्यंत पोहोचावे

विद्यापीठांतून दरवर्षी शिक्षणशास्त्रावरील अनेक प्रबंध सिद्ध होतात. परीक्षकांची मान्यता मिळते, पदवी प्रदान होते आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. ज्या शाळेत संशोधकाने प्रश्नावल्या भरून घेतल्या, तेथील मुख्याध्यापकास त्यातून काय निष्पन्न झाले हे क्वचितच कळते. संशोधनाचा लाभ विद्यार्थ्यास व्हावयाचा असेल, तर हा क्रम बदलला पाहिजे. तो कसा बदलता येतो, याचे एक उदाहरण मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहे.

मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा होय. केंद्राचे कार्य १९७४ मध्ये सुरू झाले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रारंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळा ही आपली कार्यक्षेत्रे मानली. सुसज्ज प्रयोगशाळा असलेल्या निवडक विद्यालयांपुरते त्यांनी स्वतःला मर्यादित ठेवले नाही.

सामान्य कुटुंबातील मुले विज्ञानात मागे का राहतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. विषय कठीण असतो हे एक कारण. परंतु पुस्तकाची भाषा हाही मोठा अडथळा असल्याचे त्यांना आढळले. संस्कृतप्रचुर परिभाषा व लांबलचक वाक्ये यांत मूल अडखळते आणि आशयापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आशय तोच ठेवून पाठ सोप्या मराठीत लिहिण्यात आले. त्यामुळे मुलांचे आकलन सुधारले, तसेच वर्गातील प्रश्नोत्तरेही वाढली. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राबविलेल्या गुणवत्ता संवर्धन प्रकल्पातही भाषेकडे विशेष लक्ष देण्यात आले.

या कार्यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, संशोधनाचा प्रश्न वर्गात प्रत्यक्ष जाणवणाऱ्या अडचणीतून घ्यावा. दुसरी, प्रयोग सर्वसाधारण शाळेत, तेथीलच शिक्षकांच्या सहकार्याने व उपलब्ध साधनांनिशी व्हावा. म्हणजे तो अन्यत्रही करता येतो. तिसरी, निष्कर्ष शिक्षकाच्या हाती पाठ, हस्तपुस्तिका किंवा प्रशिक्षणवर्ग या रूपाने पडावा.

उपनगरांत या कामाला आजही मोठा वाव आहे. महानगरपालिकेच्या शाळांतून मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिक्षण दिले जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील एखाद्या वर्गात मुलाची घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असणे स्वाभाविक आहे. हे अंतर नेमके कोठे व किती आहे, हा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रबंधासाठी उत्तम विषय ठरेल.

विद्यापीठांनी प्रबंधासोबत चार-पाच पानांचा सुबोध मराठी सारांश अनिवार्य करावा आणि तो संबंधित शाळेस पाठवावा. शिक्षणाधिकाऱ्यांनी शिक्षकांच्या अडचणींची सूची दरवर्षी विद्यापीठाकडे द्यावी. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांतून अशा सारांशांवर चर्चा घडवून आणावी. ग्रामीण भागात पंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांनाही एक काम करता येईल. शाळेत पाहणीसाठी येणाऱ्या संशोधकाचे स्वागत करावे आणि निष्कर्ष घेऊन पुन्हा येण्याचे वचन त्याच्याकडून घ्यावे.

शाळेने संशोधनासाठी आपला वेळ दिलेला असतो. त्याची परतफेड शाळेला उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाने व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.