कोचीला निघण्याआधी वार पाहावा

कोची हे नाव एकच असले तरी प्रवाशाच्या दृष्टीने ती दोन गावे आहेत. रेल्वेची मुख्य स्थानके, कचेऱ्या आणि मोठ्या बाजारपेठा मुख्य भूमीवरच्या एर्नाकुलममध्ये आहेत. ज्यासाठी माणसे लांबून येतात ते फोर्ट कोची आणि मट्टंचेरी मात्र खाडीपलीकडे, समुद्राच्या अंगाला आहेत. मधले विलिंग्डन बेट बंदर खोदताना निघालेल्या गाळाच्या भरावाने विसाव्या शतकात तयार झाले. 1341 च्या पुरात पेरियार नदीने वाट बदलली, मुझिरिस हे जुने बंदर गाळाने निकामी झाले आणि कोचीचे तोंड मोकळे झाले, असे मानले जाते. पुढे 1500 च्या सुमारास पोर्तुगीज, 1663 मध्ये डच आणि 1795 मध्ये इंग्रज आले. 1530 मध्ये राजधानी गोव्याला हलवेपर्यंत पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला कारभार येथूनच चाले.

प्रस्तुत लेखक आणि त्याची पत्नी अलिबागहून या शहरात गेले, ते गुरुवारी रात्री. परतीचे तिकीट रविवारी सकाळचे होते. शुक्रवार आणि शनिवार असे दोन पूर्ण दिवस हाताशी असताना शहर सहज पाहून होईल असा हिशेब होता. तो चुकला, कारण नेमके हेच दोन वार मट्टंचेरीसाठी सर्वांत वाईट.

मट्टंचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला तो बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी नंतर त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून हा वाडा साधा, कौलारू, चौसोपी आहे. त्याचे खरे वैभव आतल्या भिंतींवर आहे. राजाच्या शयनगृहात रामायणातले प्रसंग गेरू, पिवळा, हिरवा अशा मातकट रंगांत काठोकाठ भरलेले आहेत. केरळच्या भित्तिचित्रांचा इतका दाट नमुना सामान्य प्रवाशाला दुसरीकडे क्वचितच इतक्या जवळून पाहायला मिळतो. शुक्रवारी दुपारी बाराच्या उन्हात हे दांपत्य त्या वाड्याच्या बंद दारासमोर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे परदेशी सिनेगॉगकडे निघाले. ज्यूंचे हे प्रार्थनालय 1568 चे. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत आणि छताला काचेची झुंबरे टांगलेली आहेत. ज्यू टाउनच्या गल्लीच्या टोकाशी घड्याळाचा मनोरा दिसू लागला तशी पत्नी थांबली आणि म्हणाली, “अहो, आज शनवार ना?” पुढे काही बोलावे लागले नाही. अलिबागच्या माणसाला बेने इस्रायली ज्यू परके नाहीत. गावात इस्रायल आळी आहे, आणि तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, हे घराघरात ठाऊक आहे. कोचीच्या ज्यूंनीच एकोणिसाव्या शतकात कोकणात येऊन बेने इस्रायलींना धर्मशिक्षण दिले होते. एवढे माहीत असूनही शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी सिनेगॉग पाहायला जाणे ही चूक माहितीच्या अभावाची नव्हती. घरी बसून दिनदर्शिका समोर न धरल्याची ती चूक होती.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारची दुपारही धरून चालू नये. ज्यू सणांनाही सिनेगॉग बंद राहते. आत पादत्राणे चालत नाहीत, आणि खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चचे उलट आहे. रविवारी सकाळी तिथे उपासना चालू असते, म्हणून प्रवाशाने दुपारनंतर जावे. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याचे दफन याच चर्चमध्ये झाले. काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले, पण जागा दाखवणारी शिळा अजून आहे. हे सर्व पाहता कोचीसाठी रविवार दुपार ते गुरुवार हा काळ सर्वांत सोयीचा. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणची वेळ विचारून घ्यावी, कारण दुरुस्तीमुळे किंवा सुट्टीमुळे ती बदलते.

दार बंद दिसले की पाहुणा गोंधळतो, आणि नेमका तेव्हाच रिक्षावाला पुढे येतो. राजवाड्यासमोर या दांपत्याला एकाने अगदी थोड्या पैशांत सगळे शहर दाखवतो असे सांगितले. पुढच्या अडीच तासांत त्याने एक चर्च, धोबीखाना आणि सहा दुकाने दाखवली. मसाल्याच्या दुकानात विक्रेत्याने वेलदोड्याचे बोंड नखाने सोलून तळहातावर दाणे दिले, मग मिरी, मग जायपत्री, आणि शेवटी न घेता निघणेच अवघड झाले. गिऱ्हाईक काही काळ दुकानात थांबले तरी रिक्षावाल्याला काही ना काही मिळते, म्हणून भाडे कमी सांगितले जाते. हे त्याच्या पोटाचे गणित आहे आणि त्याचा राग धरू नये. पण दोन दिवसांच्या मुक्कामातले अडीच तास ही लहान किंमत नाही. बसण्याआधीच “दुकान नको” असे स्पष्ट सांगावे, ठिकाणे मोजून सांगावीत आणि त्या बोलीवर पूर्ण भाडे खुशीने द्यावे. फोर्ट कोचीच्या आतल्या गल्ल्या तर चालतच पाहाव्यात. जुन्या वखारींसमोरून जाताना सुंठ-मिऱ्याचा वास येतो, तो धावत्या रिक्षात बसून नीट कळत नाही.

चिनी जाळी हे या शहराचे सर्वांत ओळखीचे दृश्य. साग आणि बांबूच्या मोठ्या सांगाड्याला जाळे टांगलेले असते आणि मागच्या बाजूला दोरांना दगड बांधलेले असतात. चारसहा माणसे दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली येतात आणि जाळे पाण्याबाहेर उचलले जाते. जाळी थेट चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगिजांनी मकावहून, याविषयी दोन मते आहेत. भरतीच्या वेळी काम चालते, ओहोटीला जाळी नुसती उभी दिसतात. म्हणून भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मच्छीमार पाहुण्यांना दोर ओढायला बोलावतात आणि नंतर पैसे मागतात. या दांपत्याने आधी विचारले नव्हते, त्यामुळे आकड्यावरून बोलाचाली झाली आणि सकाळ कडवट झाली. वर आलेल्या जाळ्यात त्या दिवशी ओंजळभर मासळी होती. ती पाहिल्यावर घासाघीस केल्याची लाज वाटली. किती द्यायचे ते दोराला हात लावण्याआधी ठरवावे, आणि मग मोकळ्या हाताने द्यावे.

मुक्काम शक्यतो फोर्ट कोचीतच करावा. स्टेशनजवळ राहिल्याने या दांपत्याचे रोजचे दोन तास ये-जा करण्यात गेले. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोट अगदी कमी तिकिटात पलीकडे नेते, आणि 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित होड्याही आहेत. शेवटची बोट मात्र लवकर सुटते, तेव्हा जातानाच तिची वेळ विचारावी. डिसेंबरअखेर कार्निव्हल आणि वर्षाआड भरणारे बिएनाले हे कलाप्रदर्शन यांमुळे खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेही तपासावे.

मराठी प्रवाशाने आणखी एक जागा चुकवू नये, ती म्हणजे मट्टंचेरीतील चेरलाईचा परिसर. गोव्यातून आलेली गौड सारस्वत कुटुंबे तिथे पिढ्यान्पिढ्या राहतात आणि घरात कोंकणी बोलतात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्याच तीन कोंकणी वैद्यांचे 1675 चे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. इथल्या देवळात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो आणि कमरेला मुंडू किंवा धोतर लागते, तेव्हा एक धोतर सोबत ठेवावे. शनिवारी सिनेगॉगच्या बंद दारावरून परतताना हे दांपत्य इथल्या देवळाशी पोहोचले. दारातल्या एका वृद्ध बाईंनी कोंकणीत विचारले, कुठून आलात. अलिबाग म्हटल्यावर त्यांनी आत बसायला जागा करून दिली.