जुना कूलर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांना टेकला की जुन्या कूलरचा प्रश्न घरोघरी उभा राहतो. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वहस्ते सांधीत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. तेव्हा ताट्या कुजल्या, पंप जळला, तर तेवढेच बदलावे. शेजाऱ्याचा नवा कूलर पाहून व्याजाचा हप्ता ओढवून घेऊ नये.

मात्र वायरिंग व अर्थिंग सुधारूनही गंजलेल्या पत्र्यात वीज उतरत असेल, तर तो कूलर ठेवणे ही काटकसर नव्हे. (पाणी भरताना प्लग काढण्याची सवय तरी आपल्यापैकी कितीजणांना आहे?) शरीअतच्या उद्दिष्टांत जीविताचे रक्षण संपत्तीच्या रक्षणाआधी येते. असा कूलर विकताना दोष लपविणे निषिद्ध आहे. घेणारा भंगारवाला असला तरीही त्यास झटक्याची गोष्ट सांगावी, मग दोन पैसे कमी मिळोत.