लोणार : खाऱ्या तळ्याकाठचे गाव

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या दक्षिणेस लोणार नावाचे तालुक्याचे छोटे गाव आहे. बाजार, शाळा आणि दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर मागे टाकून आपण गावाबाहेर पडतो न पडतो, तोच पायांपुढची जमीन एकदम तुटते. समोर सुमारे १८०० मीटर व्यासाची वाटोळी दरी आणि दीडशे मीटर खाली हिरवट पाणी !

इथला खडक बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. त्यामुळे हे ज्वालामुखीचे मुख असावे असे पूर्वी पुष्कळांना वाटे. परंतु तळाशी वेधन करून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ती नुसत्या उष्णतेने बनत नाही. तिला प्रचंड आघात लागतो. १९७३ साली हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि विवर अशनिपाताचे ठरले.

आता एक कोडे. काठावरच्या गोमुखातून बारमाही गोडे पाणी विवरात उतरते, मग तळे खारे कसे ? कारण सोपे आहे. पाण्याला आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि खडकांतून विरघळून आलेले सोडियमचे क्षार मागे राहतात. म्हणून येथील पी-एच सुमारे १० भरतो; उदासीन पाण्याचा ७ असतो. फरक तीनचा दिसला तरी अल्कतेच्या दृष्टीने तो हजारपटींचा आहे ! अशा पाण्यात स्पिरुलिनासारखे मोजकेच सूक्ष्मजीव सुखाने वाढतात. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा क्षारप्रेमी हॅलोआर्किया माजले आणि तळे गुलाबी झाले. नागपूरच्या 'नीरी' व पुण्याच्या आघारकर संस्थेकडे तेव्हा नमुने धाडण्यात आले होते.

गावाचा संबंध येतो तो इथे. पूर्वी लोक तळ्यातील क्षार साबण व काच करण्यासाठी काढीत. म्हणजे तळे गावाला देत असे. पुढे वस्ती वाढली आणि गावचे सांडपाणी उताराने तळ्याकडे जाऊ लागले. आपल्याला वाटेल, एवढ्या मोठ्या तळ्याला थोड्या पाण्याने काय होणार ? पण तळ्याला बाहेरची वाट नाही हे विसरू नका. सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरस आतच साठतात, पाण्याने अल्कता पातळ होते आणि अन्यत्र सहसा न आढळणाऱ्या जीवांची जागा साधे शेवाळ घेऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न आला, तो यामुळेच. २०२० मध्येच लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गटाराचा उतार मात्र दर्जाने बदलत नाही, तो नळ टाकूनच वळवावा लागतो.