गृहसजावटकारांची संघटना व व्यापाऱ्याचे हित

प्लायवूड, लॅमिनेट, रंग, फरशी, पडद्यांचे कापड, विजेचे सामान इत्यादी मालाचा व्यापार करणाऱ्या आमच्या बंधूंस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. हा माल आता घरमालक स्वतःच निवडतो असे नाही. पुष्कळदा त्याच्या वतीने गृहसजावटकार, म्हणजे ज्यांस सर्वत्र इंटिरिअर डिझायनर म्हणतात ते, निवड करतात. म्हणून या व्यावसायिकांची संघटना असण्याने काय साधते हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. तो व्यापाऱ्याचा आणि गृहस्थाचाही आहे. त्याचा विचार येथे क्रमाने करू.

संघटनेचे मर्म समजण्यास महाराष्ट्रातीलच एक प्राचीन उदाहरण उपयोगी पडेल. नाशिकजवळील पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नसून केवळ व्याजाचा उपयोग व्हावयाचा होता. अशी कायमची ठेव एकट्या विणकराकडे कोण ठेवील? मनुष्य आज आहे, उद्या नाही. श्रेणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. व्यक्तीच्या शब्दामागे समूहाचा शब्द उभा करणे हेच संघटनेचे पहिले कार्य होय. आधुनिक काळात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व होते.

आता प्रस्तुत विषयाकडे वळू. वास्तुविशारदांची संघटना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली तिचा पाया घातला आणि १९२९ पासून ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे १९७२ च्या कायद्याने नोंदणीवाचून कोणासही ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येईनाशी झाली. त्याच वर्षी मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही गृहसजावटकारांची संस्था स्थापन झाली; तिची शाखा हैदराबादेतही आहे. परंतु दोहोंत भेद आहे. गृहसजावटकाराच्या उपाधीस कायद्याचे तसे संरक्षण नाही. कोणीही उठावे आणि पाटी लावावी! जेथे कायदा पारख करीत नाही, तेथे पारखीचा भार संघटनेवरच पडतो.

समजा, विद्यानगरातील एखाद्या कुटुंबाने जुन्या बैठ्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत सदनिका घेतली आणि आयुष्याची शिल्लक सजावटीस लावली. सजावटकार त्यांजकडून मोबदला घेतो आणि दुकानदाराकडूनही गुप्तपणे दलाली घेतो. ती दलाली अखेर मालाच्या किमतीत चढते. गृहस्थास वाटते, दुकानदार महाग आहे. जो दुकानदार दलाली देण्यास नकार देतो, त्याचा चांगला मालही ‘निकृष्ट’ ठरतो. म्हणजे एका लपविलेल्या रकमेने गृहस्थाचे धन जाते, व्यापाऱ्याचे नाव जाते आणि प्रामाणिक सजावटकाराचे काम जाते. एकट्या दुकानदाराने हे थांबवू म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात नेले जाते. असा रोग सामुदायिक नियमानेच हटतो. वास्तुविशारदांच्या १९८९ च्या आचारनियमांत काम मिळविण्यासाठी दलाली वा भेटी देण्याघेण्यास मनाई आहे; हाच मार्ग सजावटकारांच्या संघटनांनी दृढपणे चालविला पाहिजे.

दुसरा लाभ लेखी कराराचा. कामाची व्याप्ती, मालाची प्रत, मुदत आणि पैशांचे हप्ते यांचा नमुना संघटनेने तयार केला, म्हणजे नवशिक्यासही तो उपलब्ध होतो व पुढील तंटे टळतात.

तिसरा लाभ ज्ञानाचा. सामान्य प्लायवूडसाठी आय. एस. ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी आय. एस. ७१० ही भारतीय मानके आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अग्निसुरक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. हे प्रत्येकाने एकट्याने शिकण्यापेक्षा संघटनेच्या वर्गात, व्यापाऱ्यांस सोबत घेऊन शिकणे सुलभ होय. न्हाणीघराशेजारी कोणते प्लायवूड वापरावे याविषयी विकणारा व सुचविणारा यांचे एकमत असेल, तर गृहस्थाची फसगत होत नाही.

तथापि संघटनेच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या. सभासदत्व म्हणजे कौशल्याची हमी नव्हे. तसेच संघटनेने सर्वांचे दर एकच ठरवून ते लादणे २००२ च्या स्पर्धा कायद्यास मान्य नाही. हा नियम व्यापारी मंडळांसही लागू आहे. जी संघटना सभासदांच्या दोषांवर पांघरूण घालते, ती मेळा होते, श्रेणी होत नाही. तक्रार ऐकून आपल्याच सभासदास शासन करण्याचे धैर्य तिच्या अंगी आहे काय, यावरून तिची परीक्षा करावी.

आमची सभासदांस विनंती एवढीच की, सजावटकाराशी व्यवहार करताना त्याचे सभासदत्व व पूर्वीची कामे पाहावी, मालाचे बिल मालकाच्या नावे करावे, आणि जी सूट द्यावयाची ती बिलावर स्पष्ट दाखवावी. मालकास जी दाखविता येत नाही ती रक्कम देऊ नये. दुसऱ्याच्या संघटनेकडून शुद्ध आचाराची अपेक्षा करावयाची, तर तिचा आरंभ आपल्या वहीपासून झाला पाहिजे.