जुन्या जीपच्या इंजिनासाठी स्पार्क प्लगची निवड

दुसऱ्या महायुद्धात वापरली गेलेली विलीज जीप ही अमेरिकी सैन्याच्या दप्तरी ‘पाव टनी ट्रक’ म्हणून नोंदलेली होती. युद्धानंतर महिंद्रा कंपनीने तिची जुळणी मुंबईत सुरू केली व पुढे सीजे-३बी नमुन्याची जीप भारतात तयार होऊ लागली. बी-बियाणे, खत व भाजीपाला वाहून नेण्यास ही गाडी खेड्यापाड्यांतून फार उपयोगी पडली. पुष्कळ जीपगाड्यांत नंतर डिझेल इंजिने बसविण्यात आली. तथापि मूळ पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या काही गाड्या आजही टिकून आहेत.

अशी गाडी माल भरलेला असताना वाटेत अडली, म्हणजे जवळच्या दुकानातून आट्यांत बसेल तो प्लग आणून लावला जातो. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला, ही समजूत नुकसानकारक आहे. प्लगची किंमत थोडी असते. परंतु चुकीच्या प्लगमुळे पिस्टन जळाला, तर इतक्या जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळविणे कठीण जाते. म्हणून प्लगची निवड कशी करावी, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व वाहनधारक शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आट्यांचे माप व लांबी

जीपच्या ‘गो-डेव्हिल’ व ‘हरिकेन’ या दोन्ही चार सिलिंडरी इंजिनांना १४ मिलिमीटर व्यासाचा प्लग लागतो. त्याच्या आट्यांच्या भागाची लांबी ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर असते. अलीकडील अनेक गाड्यांचे प्लगही १४ मिलिमीटर व्यासाचेच असतात. मात्र त्यांच्या आट्यांची लांबी १९ मिलिमीटरपर्यंत असते. असा लांब प्लग जीपच्या हेडमध्ये सहज फिरतो, परंतु त्याचे टोक आत लोंबते व झडपेवर किंवा पिस्टनवर आदळण्याचा धोका राहतो. आत उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी धरते व प्लग काढताना हेडचे आटे खराब होतात. याकरिता नवा प्लग जुन्या मूळ प्लगाशेजारी धरून लांबी ताडून पाहावी.

गरम प्लग व थंड प्लग

इंजिन चालू असताना प्लगच्या आतील टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. त्याहून कमी राहिल्यास काजळी जळून जात नाही व ठिणगी पडेनाशी होते. त्याहून फार वाढल्यास लाल झालेले टोकच ठिणगीपूर्वी इंधन पेटविते. इंजिन ठोकू लागते व अखेर पिस्टनला भोक पडते.

ज्या प्लगच्या आतील चिनीमातीचे नाक लांब, त्याची उष्णता सावकाश बाहेर जाते. तो ‘गरम’ प्लग होय. आखूड नाकाचा तो ‘थंड’ प्लग. गरम प्लगची ठिणगी अधिक जोरदार असते, हा गैरसमज आहे. फरक ठिणगीत नसून उष्णता बाहेर टाकण्याच्या गतीत आहे.

या इंजिनांसाठी चँपियन कंपनीचा जे-८ हा प्लग योग्य समजला जातो. त्यातील ‘जे’ हे अक्षर आट्यांचे माप व लांबी दर्शविते आणि ‘८’ हा अंक उष्णतेची श्रेणी दर्शवितो. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चँपियनच्या प्लगवर अंक जितका मोठा, तितका प्लग गरम. एनजीके कंपनीच्या प्लगवर अंक जितका मोठा, तितका प्लग थंड. म्हणून एका कंपनीचा ८ अंकी प्लग मिळाला नाही, तर दुसऱ्या कंपनीचा ८ अंकी प्लग घेऊ नये. दुकानदाराकडील तुलनेचा तक्ता पाहूनच पर्याय निवडावा.

ठिणगीचे अंतर

प्लगच्या दोन टोकांतील अंतर ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर ठेवावे. हल्लीच्या गाड्यांसाठीच्या प्लगमध्ये हे अंतर पुष्कळदा याहून अधिक असते. जुन्या ६ व्होल्टच्या कॉइलला एवढ्या फटीतून ठिणगी पाडणे जड जाते, विशेषतः चढावर माल भरलेला असताना. नवा प्लगही मोजूनच बसवावा. अंतर कमी-जास्त करताना केवळ बाजूचे टोक वाकवावे; मधल्या टोकावर जोर दिल्यास चिनीमाती तडकते.

प्लगची साक्ष

भरलेली गाडी काही अंतर चालवून, इंजिन रिकामे फिरू न देता लगेच बंद करावे व थंड झाल्यावर चारही प्लग क्रमाने काढून मांडावेत. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी, अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते.

टोक फिकट तपकिरी असल्यास प्लग व इंजिन दोन्ही ठीक आहेत. कोरडी काळी काजळी दिसल्यास कार्बुरेटर पेट्रोल अधिक देत असावा, एअर फिल्टर तुंबला असावा किंवा प्लग फार थंड असावा. तेलाने ओले झालेले टोक रिंगा वा झडपांचे मार्ग झिजल्याचे लक्षण होय. तेथे प्लग बदलून रोग जात नाही. टोक पांढरे पडले असल्यास व त्यावर फोड आले असल्यास गाडी पुन्हा चालविण्यापूर्वी इग्निशनची वेळ, पेट्रोलचा पुरवठा व प्लगची श्रेणी तपासावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. उसापासून व धान्यापासून तयार होणाऱ्या या इंधनाला जळण्यास हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या कार्बुरेटरमधून येणारे मिश्रण विरळ ठरते व प्लग पूर्वीपेक्षा पांढरट दिसू लागतात. अशा वेळी थंड प्लग लावून दोष झाकू नये. जाणकार मिस्त्रीकडून कार्बुरेटरचा जेट जुळवून घ्यावा. जुन्या रबरी नळ्याही या इंधनाने लवकर खराब होतात, हे ध्यानात ठेवावे.

चारही प्लग एकाच जातीचे असावेत व शक्यतो एकाच वेळी बदलावेत. बसविताना प्रथम हाताने फिरवावेत, वॉशर टेकल्यानंतरच पाना लावावा आणि बेताने आवळावेत. जीपसोबत मोजून ठेवलेला एक जादा प्लग व प्लगचा पाना नेहमी असावा. बाजाराच्या दिवशी माल वाटेत अडकण्याचा प्रसंग त्यामुळे पुष्कळदा टळतो.