पोकळ भिंतीचें घर

स्वस्त घर म्हणजे कच्चें घर, असा पुष्कळांचा समज असतो. म्हणून गरीब मनुष्य कर्ज काढून सिमेंटचें कोंदट खुराडें बांधतो. विद्यार्थिमित्रहो, लॉरी बेकर या इंग्रज स्थापत्यकारानें हा समज खोटा ठरविला. कुष्ठरोग्यांसाठीं इमारती बांधण्यास ते १९४५ सालीं भारतांत आले व पुढें केरळांत स्थायिक झाले.

भिंतींत ते विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या लावीत. त्यामुळें भिंतीच्या पोटांत पोकळी राहते, सुमारें चौथा हिस्सा विटा वांचतात, आणि कोंडलेल्या हवेमुळें बाहेरचें ऊन आंत कमी जाणवतें. कित्येक ठिकाणीं खिडकीऐवजीं ते विटांची जाळी ठेवीत. वारा व उजेड आंत खेळे, आणि लांकूड, गज, कांच यांचा खर्च टळे. गिलावाही बहुधा नसे.

अर्थात् अशा भिंतीला कसबी हात लागतो. गिलावा नसल्यानें वांकडी वीट झांकतां येत नाहीं! परंतु सिमेंट-लोखंडाचा पैसा गांवाबाहेर जातो, गवंड्याची मजुरी गांवांतच राहते. माझ्या मतें या पद्धतीचा खरा लाभ हाच.

बेकर २००७ सालीं वारले. तिरुवनंतपुरम् येथील विकास अध्ययन केंद्राच्या उघड्या विटांच्या इमारती त्यांनींच उभारल्या आहेत.