सीटच्या मागे धावण्याआधी बुटीबोरीकडे बघा

कॅप राउंड सुरू झाले की नागपुरातले पालक एकच प्रश्न घेऊन येतात. ‘सर, एआय-डेटा सायन्सला इथे नंबर लागत नाही. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकू का?’ माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नका. पाटीवर एआय लिहिलं म्हणजे शिकवणारे बदलले, प्रयोगशाळा बदलली असं होत नाही. ज्याला गणिताची आणि प्रोग्रामिंगची खरी ओढ आहे त्याने कम्प्युटर सायन्स जरूर घ्यावं. त्याला माझी गरज नाही आणि ब्रँचच्या नावाचीही नाही. डॉक्टरकी, सीए, स्पर्धा परीक्षा यांची चर्चा घराघरात होतेच, तिच्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते अशा एका कामाबद्दल, ज्याचं नाव कोणत्याच पालकाच्या तोंडी येत नाही.

कारखान्याचा सगळा हिशेब ईआरपीत असतो: कोणतं मशीन काय बनवणार, त्याला कच्चा माल किती, स्टोअरमध्ये शिल्लक किती, कोणाचं बिल द्यायचं. खरेदी मात्र आता वेगळ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर होते. पुरवठादार तिथे दर भरतात, तुलना तिथे होते, मंजुरी तिथेच मिळते. या दोन यंत्रणा एकमेकींशी बोलल्या नाहीत तर एक माणूस दिवसभर एका पडद्यावरचं बघून दुसऱ्या पडद्यावर टाइप करत बसतो, आणि चुका तिथेच शिरतात. या यंत्रणा जोडणं आणि जोडलेल्या ठेवणं, हे ते काम.

ऐकायला सॉफ्टवेअरचं काम वाटतं. पण खरी अडचण कोडमध्ये नसते. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. स्टोअरच्या यादीत ते कुठे ‘बेअरिंग ६२०५’, कुठे ‘बीआरजी ६२०५ झेडझेड’, कुठे ‘बॉल बेअरिंग ६२०५ टूझेड’ म्हणून नोंदलेलं असतं. एकच वस्तू, तीन कोड. शिल्लक एका कोडवर पडून राहते आणि ईआरपी दुसऱ्या कोडवर नवी मागणी काढते. आता कोणी उत्साहाने ६२०५च्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या आणि त्यात ‘टूआरएस’ही ओढलं, तर वेगळाच घोटाळा होतो. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं, टूआरएसला रबरी सील. धुळीच्या जागी टूआरएसऐवजी झेडझेड बसवलं की बेअरिंग लवकर जातं, मशीन बंद पडतं आणि दोष खरेदी खात्याच्या माथी बसतो. या नोंदी कोणत्या एक करायच्या आणि कोणत्या वेगळ्या ठेवायच्या, हे बेअरिंग हातात घेतलेल्यालाच नीट कळतं. प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकलचा साधा डिप्लोमाधारक इथे एआयच्या पदवीधराच्या पुढे असतो. हे मी पालकांची समजूत काढायला म्हणत नाही.

हिशेबाची बाजूही तितकीच गुंतागुंतीची आहे, आणि नागपुरात जरा जास्तच. आपण सीमेवर आहोत. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाड्याहून माल येतो, रायपूरहून लोखंड येतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. एकाच पार्टीचा पॅन एक, पण रायपूर आणि नागपूरचे जीएसटी क्रमांक दोन. प्लॅटफॉर्मने तिला पॅनवरून ओळखलं आणि ईआरपीने स्वतःच्या कोडवरून, तर रायपूरहून आलेल्या मालावर आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लागतो आणि बिल अकाउंट्समध्ये अडकतं. त्यातच आयकर कायद्यात उशिरा दिलेल्या बिलांचा नियम आला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं, सेवा देणाऱ्याचं बिल कराराप्रमाणे आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरला जातो. दिवस मोजायचे तर माल कधी आला, कधी स्वीकारला याच्या तारखा दोन्हीकडे सारख्या हव्यात. गेटवरच्या नोंदीची तारीख एक आणि जीआरएनची, म्हणजे माल स्वीकारल्याच्या पावतीची, दुसरी असेल, तर कोणती धरायची हे ठरवणारा माणूस लागतो. बीकॉम झालेल्या, कॉस्ट अकाउंटन्सीच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी ही जागा आहे. बारावीनंतर सीएमएच्या फाउंडेशनला बसता येतं, हे किती घरांत माहीत असतं?

तांत्रिक भागही आहे, तो टाळता येत नाही. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, पाठवताना नेट गेलं आणि यंत्रणेने तोच संदेश पुन्हा पाठवला, तर दोन पीओ तयार होऊ नयेत. त्यासाठी प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक लागतो आणि तो आधी येऊन गेलाय का हे तपासावं लागतं. पीओची तारीख किंवा संख्या बदलली की बदल दोन्हीकडे पोहोचला का, पत्रा किलोत घेतला आणि नगांत वापरला तर हिशेब कुठे जुळवायचा, हेही बघावं लागतं. एपीआय, थोडं एसक्यूएल आणि थोडं पायथन एवढ्यावर हे शिकता येतं. यंत्रणा नीट जुळल्या नाहीत तर काय होतं ते बघा: १९९९मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ऐन सणाच्या तोंडावर नव्या यंत्रणा एकदम सुरू केल्या. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या नाहीत.

नागपुरात याला वाव कुठे, असं विचाराल. हिंगण्यात महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, बुटीबोरीत सीएटचे टायर. त्यांच्याभोवती लहानमोठे पुरवठादार आहेत. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), मॉइल आणि यंत्र इंडिया या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. कोल इंडियाने सॅप ईआरपी आणली तेव्हा पहिल्या टप्प्यात वेकोलि होती. सरकारी खरेदीसाठी ऑगस्ट २०१६पासून जेम पोर्टल आहे. म्हणजे वेकोलिला सुटे भाग देणाऱ्या हिंगण्यातल्या लहान कारखानदाराला स्वतःचा हिशेब, जेमवरची ऑर्डर आणि वेकोलिच्या पद्धतीने होणारी पावती या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी हे मालक स्वतः रात्री बसून करतो. शिवाय सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नियमित आधार २०२७अखेर संपतोय. ज्या कंपन्या नव्या आवृत्तीवर जातील त्यांना खरेदीच्या जोडण्या पुन्हा तपासाव्या लागतील.

आता एक इशारा. हे वाचून कोणी लगेच ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या सॅप क्लासची फी भरू नका. पडदे कसे उघडायचे एवढंच तिथे शिकवलं जातं आणि प्रमाणपत्र हातात पडतं. कारखाना न पाहिलेल्या मुलाला मुलाखतीत ‘माल नाकारला तर पुढे काय होतं’ एवढं विचारलं की तो गप्प होतो. त्याऐवजी ईआरपीनेक्स्ट शिका. मुंबईच्या फ्रापेने बनवलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, फुकट उतरवून घेता येतं आणि त्याला बाहेरून जोडायची सोयही आहे. ते सुरू करणारे रुषभ मेहता हे काही कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीत वाढलेले नव्हते, घरच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार नीट चालावा या धडपडीतून ते याकडे वळले. नात्यातल्या कोणाचं वर्कशॉप असेल तर तिथल्या वस्तूंची यादी घ्या, साफ करा, त्यात भरा आणि एक पीओ बाहेरून पाठवून दाखवा. डिप्लोमा किंवा पदवीनंतर एनएटीएस या सरकारी योजनेतून एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते. ती करताना स्टोअर आणि पर्चेस मागून घ्या. सहसा ही खाती कोणी मागत नाही.

आणि इथेच घरचे आडवे येतात. ‘सर, पोराले स्टोअरमंदी बसवाले शिकवलं का?’ हे वाक्य मला इतक्यांनी ऐकवलंय की मी आता सरळ विचारतो: तुम्हाला पोराचं काम हवंय की लग्नपत्रिकेवर छापायला कंपनीचं नाव? मुलगा मिहानच्या काचेच्या इमारतीत जातो हे सांगायला बरं वाटतं, कबूल. पण त्या इमारतीतल्या ज्या टीम कारखान्यांसाठी ईआरपीचं काम करतात, त्यांनाही जीआरएन समजणारा माणूस हवाच असतो. दोन वर्षं स्टोअर पाहिलेला पोरगा तिथे जाऊ शकतो. उलटा प्रवास मात्र सहसा कोणी करत नाही. मुलाला डिप्लोमा करायचा आहे आणि नातेवाईक काय म्हणतील म्हणून तुम्ही त्याला अकरावी सायन्सला ढकलताय, तर हे त्याच्या भल्यासाठी नाही, तुमच्या भीतीपोटी आहे. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगची वाट मोकळी असते.

मुलींच्या बाबतीत तर विचारसुद्धा होत नाही. ‘बुटीबोरी लांब आहे’, बस, एवढ्यावर विषय संपतो. या कामातला बराचसा वेळ टेबलावर, आकड्यांशी आणि फोनवर पुरवठादारांशी बोलण्यात जातो. चिकाटीने यादी साफ करणाऱ्या, ठामपणे ‘हे बिल चुकलंय’ म्हणणाऱ्या मुली मी यात उत्तम स्थिरावलेल्या पाहिल्यात. मेट्रो खापरीपर्यंत आहे, बुटीबोरीपर्यंतचा विस्तार दुसऱ्या टप्प्यात मंजूर झालाय, आणि तोवर बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बस शहरातून सुटतात. बस कुठून सुटते, परत किती वाजता येते, शिफ्ट कोणती, हे कंपनीला विचारा. चौकशी मुलीलाच करू द्या आणि ती झाल्यावर काय ते ठरवा.